आठ भोकांची चाकं

दुकानदार खोटं बोलला नव्हता, हे आधी लिहून टाकतो. चाकं बदलल्यापासून घरी, ऑफिसात, मित्रांत मी त्याच्यावरच खापर फोडत आलो. त्याने मला विचारलं होतं, "साहेब, पंधराची बघता का? कंपनीच्याच मापाची आहेत." मी भिंतीवर टांगलेल्या सतराकडे बोट दाखवलं.

गाडी २०१८ ची स्विफ्ट. खालचं मॉडेल, १४ इंची लोखंडी चाकं, वर प्लास्टिकचे व्हीलकॅप. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ टायर द्यायची, म्हणजे योग्य माप शोधायला कुठे जायचीही गरज नव्हती. पण पंधरा इंची चाक मडगार्डखाली भरदार दिसत नाही. आणि चाकं मी गाडीसाठी घेतच नव्हतो. सोसायटीच्या पार्किंगसाठी घेत होतो.

हिशेब मात्र केला. १६५/८० आर १४ चा पूर्ण व्यास साधारण ६२० मिलिमीटर आणि २०५/४५ आर १७ चा ६१६. म्हणजे स्पीडोमीटरमध्ये फरक नगण्य. हे मी सगळ्यांना ऐकवायचो. जो आकडा माझ्या बाजूने येत होता तेवढाच मी मोजला होता.

बाकीचे आकडे चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेले होते. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना चारऐवजी आठ भोकं असतात, ४×१०० आणि ४×१०८ अशी दोन मापं एकाच चाकात, म्हणजे एक माल अनेक गाड्यांना खपतो. मधलं भोकही त्यासाठीच मोठं ठेवतात. माझ्या चाकाचं ७३.१ मिलिमीटर होतं, स्विफ्टचा हब ५४.१ चा. ही पोकळी भरायला रिंग मिळते, अगदी किरकोळ पैशांची. ती बसवली नाही तर चाक हबवर नीट मध्यभागी बसत नाही, सगळी भिस्त नटांवर राहते. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तेव्हा मी तीनदा बॅलन्सिंग करून घेतलं. रिंग बसवली नाही, कारण चाक चुकलंय हे मला कबूल करायचं नव्हतं.

ऑफसेटचा, म्हणजे चाक हबवर किती आत बसतं त्याचा, आकडाही तसाच. तो मूळ चाकापेक्षा कमी आणि चाक दोन इंचांनी रुंद, त्यामुळे ते दोन बोटं बाहेर आलं. एकटा असताना काही कळायचं नाही. मागे माणसं बसली आणि खड्डा आला की टायरची बाहेरची कड मडगार्डच्या पत्र्याला घासायची. खंबाटकी घाटात आई म्हणाली, "अरे, कसला आवाज येतोय?" मी म्हटलं, "रस्ता खराब आहे." रस्ता चांगला होता.

इथवरचं सगळं मूर्खपणात जमा होईल. पुढचं नाही.

दिवाळीच्या आधी मी ती चाकं टायरसकट विकायला काढली. मागच्या दोन टायरच्या कडा इतक्या घासल्या होत्या की आतले धागे दिसत होते. मी त्यांवर टायर पॉलिश मारलं. रचताना ती बाजू खाली ठेवली. वर दोन चांगले टायर. हे मी सावकाश, दुपारी, एकटा असताना केलं. घाईत झालं असं म्हणायलाही जागा नाही.

घ्यायला आलेला मुलगा तेवीस-चोवीसचा असेल. पांढरी आय-ट्वेंटी. चाकांवरून हात फिरवत म्हणाला, "काका, काही प्रॉब्लेम नाही ना?"

"नाही रे. कंटाळा आला म्हणून काढतोय."

बावीस हजार रोख दिले त्याने. मला बरं वाटावं म्हणून मी सोळा नटही फुकट दिले. तो खूश झाला. संध्याकाळी मी त्याचा नंबर फोनमधून काढून टाकला. का काढला, हे तेव्हाही मला माहीत होतं.

परवा टायरवाल्याकडे सहज विषय निघाला आणि कळलं की स्विफ्टच्या नटाचा आटा १.२५ चा असतो, आय-ट्वेंटीचा १.५ चा. नट दिसायला सारखाच, दोन फेरे जातोही, मग अडतो. पान्याचा जोर लावला की आटे खातो. म्हणजे लपवलेला दोष जेवढा घातक, तेवढंच मी दिलेलं फुकटचंही.

तेव्हा पांढऱ्या आय-ट्वेंटीवाल्या मित्रा, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर त्या सोळा नटांपैकी एकही वापरू नकोस. लावले असशील तर आजच गाडी उभी कर आणि स्टड तपासून घे. दोन टायरची बाहेरची कड ओल्या फडक्याने पुसून बघ, काळ्या रंगाखाली धागे दिसतील. माझं घर तुला माहीत आहे. टायरचे, स्टडचे, रिंगांचे पैसे मी देणं लागतो. बेल वाजव, दार मीच उघडेन.