काम्य कर्म आणि अनवाणी धाव

भारतीय कर्मविचारात काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाची इच्छा धरून केलेले कर्म, आणि निष्काम कर्म, म्हणजे फळावरची आसक्ती सोडून केलेले कर्म, असा भेद केला जातो. परंतु बक्षिसासाठीच धावणाऱ्या स्त्रीचे श्रम यांपैकी कोणत्या कोटीत बसवावेत, हा प्रश्न बारामतीच्या लता भगवान करे यांच्या २०१४ मधील धावेने उभा केला. साठी ओलांडलेल्या करे यांनी आजारी पतीच्या तपासणीचा खर्च भागवण्यासाठी बारामती मॅरेथॉनमधील ज्येष्ठांची शर्यत नऊवारीत, अनवाणी धावून जिंकली. त्यांना फळ हवे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ते स्वतःसाठी नव्हते, आणि आसक्तीचे मूळ ‘मी’पणात असल्यामुळे, जेथे तोच मागे सरतो तेथे कर्माला काम्य म्हणणे अपुरे पडते.

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे सलग करण्याची शर्यत, देहाची कसोटी घेते. मात्र करे यांच्यासारख्या, घर, मजुरी आणि आजारपण सलग पेलणाऱ्या देहाची तयारी कोठेही मोजली जात नाही, आणि हा अन्यायच आहे.

बारामतीजवळच्या भवानीनगर परिसरातून तुकाराम महाराजांची पालखी जाते, तेव्हा बेलवाडीच्या गोल रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात; तेथे बक्षीस नसते, धावणे हीच उपासना असते. करे यांची धाव या धावेहून हीन मानणे चूक आहे. ज्यांच्यासाठी ती होती, ते भगवान करे २०२१ मध्ये करोनाने निवर्तले.