न फिरवल्यामुळे

भाकरी का करपली, घोडा का अडला, विड्याची पानं का सडली? तिन्हींचं उत्तर एकच: फिरवलं नाही म्हणून. राजापूरजवळच्या आमच्या घराच्या पडवीत आजीने हे कोडं घातलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. भाकरी कळली, पानंही कळली. घोडा मात्र कळला नाही. त्याला तर विश्रांती मिळाली होती, मग तो अडेल कशाला? "पाय आखडतात रे त्याचे," आजी म्हणाली. मी तोवर घोडा जवळून पाहिलाही नव्हता.

आज मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहतो आणि माझ्या दारात पस्तिशीला टेकलेली एक दोन आसनांची गाडी उभी असते. ती घेतल्यापासून आजीचं उत्तर मला आठवड्यातून एकदा तरी आठवतं.

गाडी १९९१ सालची माझदा. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात या जातीची गाडी जगाने पहिल्यांदा पाहिली. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात, ब्रिटनमध्ये एमएक्स-५, आणि जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. माझी या तिसऱ्या नावाची आहे. जपानमध्ये काही वर्षं चालून मग जहाजाने इकडे आलेली. बॉनेटखालच्या सूचनांच्या चिठ्ठ्या अजून जपानी आहेत. इंजिन १.६ लिटरचं, ताकद १२० अश्वशक्ती, वजन ९४० किलो. आजच्या साध्या घरगुती गाड्याही एवढी ताकद सहज दाखवतात, पण त्यांचं वजन तीन-चारशे किलोंनी जास्त असतं. म्हणून ही गाडी तिच्या आकड्यांपेक्षा चपळ वाटते, आणि ती चपळाई ताशी तीस मैलांच्या गावरस्त्यावरही हाताला लागते. गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीत बसतो. वळणावर पुढची चाकं कशावरून चालली आहेत ते स्टिअरिंगमधून तळव्यांना समजतं. महागड्या, अफाट वेगाच्या गाडीचं सुख मिळवायला मोकळा ट्रॅक लागतो. हिचं सुख दूध आणायला जातानाही मिळतं. स्पोर्ट्‌स कार रोज वापरता येते ती एवढ्यामुळेच.

ती घडवणाऱ्या तोशिहिको हिराई यांच्या चमूने एक जपानी शब्दप्रयोग समोर ठेवला होता: जिनबा इत्ताई, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्या धनुर्धराचं चित्र त्यामागे आहे. मी तो प्रथम वाचला तेव्हा आजीचा घोडा डोळ्यांसमोर आला आणि वाटलं, त्यांनी निम्मीच गोष्ट सांगितली. एकजीव होणं एका दिवसात होत नाही. त्या घोड्याला रोज कुणीतरी फिरवून आणलेलं असतं.

उभ्या गाडीचं काय होतं ते गाड्यांची कामं करणारा कुणीही सांगेल. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. कॅलिपरमधला पिस्टन महिनोन्‌महिने हलला नाही की आपल्या जागेवर गंजून बसतो. इंजिनातलं तेल तळाशी उतरतं आणि सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात. ज्या रबरी सीलवर फिरत्या दांड्यामुळे तेलाचा हात फिरत असतो, ते सील सुकून कडक होतं आणि एका कडेने पाझरू लागतं. पेट्रोल शिळं होतं, टायर जमिनीला टेकलेल्या बाजूने सपाट होतात. यातलं काहीही अपघात म्हणून घडत नाही. यंत्राची रचनाच अशी असते की चालणं हाच त्याच्या देखभालीचा एक भाग असतो. तेल पंपाने वर चढतं, उष्णतेने पाण्याची वाफ होऊन जाते, ब्रेक दाबल्याने डिस्कवरचा रात्रीचा गंज घासला जातो. हातात पाना घेऊन माणूस करतो ती देखभाल यानंतरची.

आईच्या पैठणीचंही असंच होतं. वर्षातून एकदा ती कपाटातून काढायची, उलगडून वाऱ्यावर धरायची आणि वेगळ्या रेषेवर घडी घालायची, कारण त्याच घडीवर राहिलेलं रेशीम तिथेच चिरतं. माझ्या गाडीच्या कापडी टपाला मागे प्लॅस्टिकची पारदर्शक खिडकी आहे. टप खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट निजवावी लागते. आळस करून तशीच दुमडली तर घडीवर पांढरी रेघ उमटते, आणि थंडीत ती रेघ तडकते. टपावरचा माझा हात आईने पैठणीवर फिरवलेल्या हातासारखा चालावा, असा प्रयत्न मी मनापासून करतो.

पण याहून मोठं उदाहरण आमच्या घराचं आहे. जांभ्याच्या भिंती, कौलं, सागवानी वासे. आजी होती तोवर चूल रोज पेटायची आणि धूर वाशांमधून वर जायचा. लहानपणी आम्हाला तो डोळ्यांत पाणी आणणारा धूर नकोसा वाटे. आजी गेली, काका मुंबईला गेले, घराला कुलूप लागलं. सुरुवातीला गणपतीत तरी कुणी जायचं, नंतर तेही राहिलं. आम्हा सगळ्यांना वाटत होतं की घर जपून ठेवलंय. कुणी वावरत नाही, म्हणजे झिजतही नाही. आठ पावसाळ्यांनंतर मी कुलूप उघडलं तेव्हा माजघराच्या तुळईत बोट आत जात होतं. चुलीच्या धुराने लाकूड सुकत होतं आणि वाळवी लांब राहत होती. सारवलेल्या जमिनीवरून रोज पाय फिरत, म्हणून उंदराचं बीळ पहिल्या दिवशीच दिसे. एक कौल सरकलं तर त्याच रात्री कुणाच्या तरी अंथरुणावर थेंब पडे आणि सकाळी शिडी लागे. ज्याला आम्ही नुसतं राहणं म्हणत होतो, तेच घर उभं धरून होतं.

म्हणून मला वाटतं की रोजच्या वापराने वस्तू टिकते याचं निम्मं कारण यंत्रात असलं, तरी निम्मं माणसाच्या डोळ्या-कानांत आहे. रोजच्या माणसाला बदल कळतो. सकाळी इंजिन सुरू केलं की वरून टिकटिक असा आवाज येतो. व्हॉल्व्हखालच्या टॅपेटमध्ये तेल भरेपर्यंत तो राहतो आणि थोड्या वेळात विरतो. तो नेहमीपेक्षा लांबला की मी तेल बदलायचा दिवस अलीकडे ओढतो. क्लचचं पेडल केसभर खाली गेलेलं पायाला लागलं, तेव्हा चाकाखाली डोकं घालून पाहिलं. क्लचच्या सिलिंडरच्या रबरी टोपीत ओल होती. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असते, ती जुनी होत तपकिरी पडते आणि मग एका दिवशी चिरते. तो रंग बदलताना दिसायला बॉनेट वरचेवर उघडलेलं असावं लागतं. रविवारच्या रविवारी गाडी काढणाऱ्याला हे दिसत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याकडे तुलनेला कालचा दिवस नसतो. रियाज करणाऱ्याला आपला आवाज आज किंचित उतरलाय हे कळतं ते काल गायल्यामुळेच.

पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला हे नवं नाही. वडिलांची स्कूटर पावसाळ्यात कोणत्या कोनात कलती केली की सुरू होते, हे घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. सुटा भाग हवा असला की नाना पेठेत चक्कर असायची. पन्नास-साठ रुपयांच्या त्या भागासाठी ते चार दुकानं हिंडत, प्रत्येक दुकानदाराशी बोलत आणि घरी आल्यावर मला बाजूला बसवून तो बसवत. मला पाना धरता येतो तो त्या रविवारांमुळे.

भाकरीच्या दृष्टान्ताला मात्र दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. फिरवलेली भाकरी करपत नाही, पण भाजली जातेच. इंग्लंडमधल्या हिवाळ्यात रस्त्याचं तापमान शून्याकडे उतरू लागलं की मिठाच्या गाड्या निघतात. चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून निघालेलं करड्या-तपकिरी रंगाचं खडेमीठ रात्रभर रस्त्यांवर फेकलं जातं. माणसांचे जीव त्याने वाचतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोकणात खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज कसे पापुद्र्यांनी सुटतात ते मी पाहिलेलं आहे. गाडीचा पत्रा मी रोज त्या मिठातून नेतो. शिवाय वापर म्हटला की कसलाही चालतो असंही नाही. दोन किलोमीटर जाऊन बंद केलेलं इंजिन उभ्या इंजिनाइतकंच वाईट. पाणी लवकर तापतं, तेल उशिरा; आतली वाफ निघून न जाता तेलात उतरते. म्हणून वॉरिकला कामावर जाताना मी केनिलवर्थवरून, झाडांच्या रस्त्याने, सावकाश जातो. सोळा-सतरा किलोमीटरांत तेल पुरतं तापतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून हयगय झाली. टप जिथे दुमडून बसतो तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला नळ्या आहेत. शरद ऋतूत पानं पडतात, त्यांचा चिखल होतो, नळ्या तुंबतात. मग पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, सिलमध्ये, साचतं आणि पत्रा आतून गंजू लागतो. मला हे माहीत होतं. त्या वर्षी आई आजारी होती, मी दोनदा भारतात जाऊन आलो आणि नळ्या साफ करायच्या राहिल्या. गाडी सहा आठवडे दारात उभी होती. सीटमागचा गालिचा ओला लागला तेव्हाच मनात चर्र झालं. मार्चच्या एमओटीत, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, ती नापास झाली. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथून तीस सेंटिमीटरांच्या आत पत्रा खाल्लेला चालत नाही, आणि तो नियम अगदी योग्य आहे. ज्या वेल्डरने काम केलं त्याने मला बोलावून कापलेला तुकडा दाखवला. बाहेरून रंग शाबूत, आतून खपल्या. दोन दिवस लागले. नवा पत्रा बसवल्यावर त्याने आतून मेण फवारलं आणि नळ्या दरवर्षी पाहायला सांगितलं. ती चूक सर्वस्वी माझी होती.

आता प्रश्न असा की हे सगळं करायचं कशासाठी? चाळीस वर्षं झाली की इथल्या कायद्याने गाडीला या तपासणीतूनही सूट मिळते. तोवर झाकून ठेवावी, किंमत वाढू द्यावी, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला तो मानवत नाही, आणि कारण केवळ माझ्या गाडीपुरतं नाही. या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. सगळ्या पिढ्या धरून २०१६च्या एप्रिलमध्ये दहा लाखांचा टप्पा झाला. त्यातल्या पुष्कळ रस्त्यावर राहिल्या म्हणून त्यांचे सील, होस, क्लचचे संच, टप आजही कुणीतरी बनवतं. २०१७ साली माझदानेच जपानमध्ये या जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाची सेवा जाहीर केली आणि काही भाग पुन्हा बनवायला घेतले. लोक गाड्या चालवत नसते तर हे कोणासाठी झालं असतं? आपल्याकडे वहिवाट हा शब्द आहे. शेताच्या बांधावरून माणसं जात राहतात तोवर ती वाट असते. सगळ्यांनी जायचं थांबवलं की दोन पावसाळ्यांत गवत चढतं आणि मग वाट होती हे सिद्ध करायला कागद शोधावे लागतात. आज पुढच्या ब्रेकची डिस्क मला दोन दिवसांत घरपोच मिळते ती अनोळखी हजारो माणसांच्या वहिवाटीमुळे. मीही रोज तिच्यावरून चालावं, एवढं देणं मी लागतो असं मला वाटतं.

या वाटेला मर्यादाही आहेत आणि मी त्या मानतो. जुन्या इंजिनाचा धूर आजच्या इंजिनापेक्षा वाईट असतो. लंडनमध्ये अशा गाडीला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, बर्मिंगहॅमच्या मध्यभागात आठ. तिथल्या मुलांच्या फुप्फुसांपेक्षा माझी आवड मोठी नाही, तेव्हा त्या शहरांत मी रेल्वेने जातो. आई बरी होऊन इथे आली तेव्हा तिला माझ्या गाडीच्या सीटमध्ये उतरणं आणि त्यातून उठणं गुडघ्यांमुळे अवघड गेलं. तिच्यासाठी पत्नीची उंच गाडी काढावी लागे. तरी जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अरे, एकदा टप उघडून ने मला." मी एक हात तिच्या पाठीशी, एक कोपराखाली धरून बसवलं. केनिलवर्थच्या रस्त्यावर झाडांकडे मान वर करून ती पूर्ण वेळ गप्प होती. परतल्यावर उतरायच्या आधी तिने विचारलं, "राजापूरच्या घराचं काय करताय तुम्ही?"

त्या वर्षीपासून चुलतभाऊ दर महिन्याला दोन दिवस तिथे जाऊन राहतो. चूल पेटवतो, दारं उघडी टाकतो. तुळई बदलली आहे. मे महिन्यात आम्ही सगळे गेलो होतो.

काल नोव्हेंबरातला कोरडा दिवस मिळाला. टप उघडला, कोपऱ्यांतली पानं बोटांनी काढली, नायलॉनची जाड तार नळीतून खालपर्यंत सरकवली. मग मुलीला मागच्या चाकापाशी बसवलं आणि वरून तांब्याने पाणी ओतलं. डाव्या बाजूला लगेच आलं. उजवीकडे थोडं थांबावं लागलं. पहिल्यांदा काळं, पानांच्या गाळाचं पाणी आलं. दुसऱ्या तांब्याला मुलीने ओरडून सांगितलं, "बाबा, आता स्वच्छ येतंय."