कणगी आणि कोठार

अन्न साठवून ठेवणे हा सद्गुण, की परमेश्वरावरील अविश्वास? प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो. परंतु पवित्र शास्त्राने त्याला एकच उत्तर दिलेले नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी उद्यासाठी राखलेल्या मान्न्यात किडे पडले. मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशी गोळा केलेला दुप्पट मान्ना दुसऱ्या दिवशीही चांगला राहिला. इजिप्तमध्ये योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला, म्हणून दुष्काळात माणसे जगली. उलट, जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहणारा धनवान प्रभू येशूच्या दृष्टांतात मूर्ख ठरतो. कृती एकच, एके ठिकाणी ती जीव वाचविते, दुसऱ्या ठिकाणी माणसाला आंधळे करते. या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे, एवढेच आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांकडे वळावेसे वाटते. शिवनेरी किल्ल्यावर अंबरखान्याची, म्हणजे धान्यकोठाराची, जुनी इमारत आजही पाहावयास मिळते. ज्या १६३० साली या गडावर शिवरायांचा जन्म झाला, त्याच वर्षी दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. धान्याचे कोठार म्हणजे वैभव नव्हे, तर भुकेची आठवण आहे, हे या भूमीला कोणी शिकवावे लागले नाही.

याच तालुक्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे आहेत. भात, नाचणी आणि वरई ही तेथील परंपरागत पिके. बांबूच्या विणीला शेणमातीने लिंपून केलेली कणगी हे तेथील घराचे कोठार. धान्य सालीसकट ठेवावयाचे आणि लागेल तसे कांडावयाचे, कारण साल हेच त्याचे पहिले संरक्षण. बियाण्याचे दाणे वेगळे. भूक लागली तरी त्यांना हात लावावयाचा नाही. नवे पीक येण्यापूर्वीचे पावसाळी महिने सर्वांत कठीण. या महिन्यांसाठी शासनाला 'खावटी' कर्जाची योजना करावी लागली, यातच सारे आले. अशा घरात कणगीत किती उरले आहे, हे गृहिणीला विचारावे लागत नाही. तिला ते ठाऊक असते.

पूर्वेकडील बागायती पट्ट्यात हीच काळजी कांद्याच्या बराकीत दिसते. उन्हाळी कांदा काढला की तो जमिनीपासून उंच, फटी ठेवलेल्या भिंतींच्या अरुंद बराकीत भरतात. रुंदी बेताची, कारण मधल्या कांद्यालाही वारा मिळाला पाहिजे. तरीही काही कांदा सडतो, काहीला कोंब येतात, उरलेल्याचे वजन घटते. म्हणून शेतकरी अधूनमधून निवड करतो. एक सडका कांदा वेळीच काढला नाही, तर शेजारचे दहा जातात. नारायणगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोला मात्र असा आसराही नाही. भाव कोसळला की तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्चसुद्धा निघत नाही. मग माल रस्त्याच्या कडेला ओतला जातो. ते दृश्य पाहून शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याची नासाडी लाचारीची आहे. आपल्या घरातील नासाडी मात्र आपल्या स्वातंत्र्यातून घडते, आणि जेथे स्वातंत्र्य आहे तेथेच जबाबदारी सुरू होते.

आजची आपली कुटुंबे तीन-चार माणसांची. कित्येक घरांत मुले परदेशी गेलेली आणि मागे दोन वृद्ध उरलेले. माणसे घटली, पण माप घटले नाही. वर्षाचे धान्य भरण्याची, मसाला कुटण्याची, पावसाळ्यासाठी सुकी मासळी बांधून ठेवण्याची रीत दहा-बारा माणसांच्या पंगतीसाठी होती. त्याच मापाने आज भरले की श्रावणात पोरकिडे आणि जाळी ठरलेलीच. या जुन्या मापाला नव्या फ्रिजची जोड मिळाली. फ्रिजमुळे अन्न टिकते, हे खरे. पण अन्नाची आठवण टिकतेच असे नाही. पूर्वी उरलेली आमटी टाकताना मनाला लाज वाटे. आता ती फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सरकविली की कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते, आणि चार दिवसांनी ती ओतताना लाजही उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न, साली आणि हाडे धरून, वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांमधून. भारतीय घरांसाठी त्यातील अंदाज दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो आहे. चौघांच्या घरात हे दोन क्विंटलांहून अधिक होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली अन्न टाकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणे होय असे बजावले, ते या आकड्यांसमोर अतिशयोक्त वाटत नाही.

मग लहान घराने काय करावे? साठवण सोडावी असे आम्ही म्हणत नाही; तिचे माप माणसांइतके करावे. वर्षाऐवजी महिन्या-दोन महिन्यांचे धान्य भरावे, आधी आणलेले आधी संपवावे. कांदे-बटाटे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत आणि एकत्रही ठेवू नयेत. उरलेला भात वेळीच गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी फोडणीस घालावा. बाजाराला निघण्यापूर्वी घरातील डबे उघडून पाहावेत. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु लक्ष देणे हेही प्रेमाचेच एक रूप आहे.

एक गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्याला नको झालेले, वास येऊ लागलेले अन्न घरकामाच्या बाईच्या हाती ठेवून आपण दान केले असे समजू नये. द्यावयाचे तर ते चांगले असताना, आपल्या वाट्यातून काढून द्यावे. चौथ्या शतकातील संत बाझिल यांनी कोठारे वाढविणाऱ्या त्याच धनवानावर प्रवचन करताना आपण दडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, असे ठणकावले होते. सीमारेषा येथे सापडते, असे आम्हांला वाटते. ज्या साठ्यात दुसऱ्याची भूक आठवते ती कणगी. ज्यात केवळ आपले भय साठते ते धनवानाचे कोठार.

पाच हजारांना भाकरी पुरविल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचावयास लावले, असे संत योहान सांगतो. ज्याच्या हाती भाकरी वाढल्या, त्याला तुकड्यांची वाण नव्हती. तरीही बारा टोपल्या भरल्या गेल्या. विपुलतेतही तुकड्याचा मान राखावा, हा त्यातील धडा आहे. आणि तो गिरवावयास घरच्या फडताळाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.