साठ, पाठ, काठ

नागपूरला मनीषनगरात एक चौघांचं कुटुंब राहत होतं. आबाजी, त्यांचा मुलगा, सून आणि बारावीतली नात. घराची डागडुजी निघाली तेव्हा मुलानं ठरवून टाकलं, की बैठकीच्या मोठ्या खोलीत आता स्पीकरची खोकी नकोत, तारांचा गुंता नको; स्पीकर थेट भिंतीत बसवायचे. संध्याकाळी सगळं घर याच खोलीत जमतं, तर सिनेमा बघताना थिएटरात बसल्याचा आनंद मिळावा. हौस चांगली होती आणि ती एकट्यापुरती नव्हती.

सीताबर्डीतल्या एका दुकानात त्याला गालिचा अंथरलेल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन लढाईचं दृश्य दाखवलं. छातीत धडधड झाली. समोर तीन स्पीकर, छतात चार आणि शिवाय एक सबवूफर. कोटेशन आलं 1 लाख 40 हजारांचं. त्यानं बाजूला काढले होते 60 हजार. मग तो रात्र-रात्र बसून स्वस्तातले सात स्पीकर शोधू लागला, वॉटचे आकडे ताडून पाहू लागला. सात कशाला हवेत, हा प्रश्न काही त्याला पडला नाही. वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढतो, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला खोडा मिस्त्रीनं घातला. बोटाच्या पेरानं भिंत वाजवून तो म्हणाला, "भाऊ, ही आतली भित साडेचार इंचाची हाय. तुमच्या स्पीकरले चार इंच खोल जागा पाह्यजे. इथं खाच पाडली तं पलीकडचं प्लास्टर हातात येईन."

त्याचं बरोबर होतं. असे स्पीकर मुळात अमेरिकेतल्या घरांच्या मापानं घडले. तिथं लाकडी उभ्या दांड्यांवर जिप्समचे बोर्ड ठोकून भिंत करतात, त्यामुळं आत साडेतीन इंचांची पोकळी आयती मिळते. आपल्या भिंती विटांच्या, भरीव. मुलगा म्हणाला, मग सगळे स्पीकर फॉल्स सीलिंगमध्ये टाकू. पण पडद्यावरचा माणूस समोर दिसणार आणि बोलणार डोक्यावरून! शिवाय बारीक, टोकदार आवाज सरळ रेषेत जातात. छतातला स्पीकर ते कानाकडं पाठवण्याऐवजी फरशीवर टाकतो.

या सगळ्या खटपटीत आबाजींना कुणी काही विचारलं नव्हतं.

आबाजी रेल्वेतले निवृत्त फिटर. जन्म 1948 चा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं तेही त्याच वर्षी, याचा त्यांना भारी अभिमान. उभी हयात हातोड्या-इंजिनांच्या गोंगाटात गेलेली. टीव्ही लागला की ते म्हणत, "आवाज वाढवा." वाढवला की कानावर हात ठेवत, "ओरडून राहिला तो." घरच्यांनी हा म्हाताऱ्याचा हट्ट समजून सोडून दिला होता. श्रवणयंत्र आणून दिलं, ते कपाटात पडलं. कूलरची घरघर त्यातून आणखीच मोठी होऊन कानात शिरायची. हळूहळू आबाजी जेवण झालं की खोलीतून उठून जाऊ लागले. वय झालं, लवकर झोपतात, असं सगळे म्हणत.

नातीच्या मनात मात्र एक गोष्ट घोळत होती. हेच आबाजी सकाळी जुन्या ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकतात आणि जेवताना एकूण एक सांगतात. एकच चार इंची स्पीकर, तोही कागदी कोनाचा. तिथं समजतं, मग पन्नास इंची टीव्हीवर का नाही?

एका रविवारी भर दुपारी, कूलर चालू असताना, ती आबाजींच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. ओठ दिसू नयेत म्हणून पाठीमागं. सोफ्यापासून टीव्ही जितका लांब, तितक्याच अंतरावरून ती एकेक शब्द बोलत गेली: साठ, पाठ, काठ, ताठ, गाठ.

"पाठ," आबाजी म्हणाले. पुढच्यालाही "पाठ." तिसऱ्याला थोडं थांबून पुन्हा, "पाठच म्हणून राहिली ना?"

तिनं कूलर बंद केला आणि तेच शब्द उलटसुलट क्रमानं घेतले. या वेळी आबाजींनी "साठ" तेवढा चुकवला, बाकी सगळे ओळखले. दारात उभा राहून मुलगा हे पाहत होता. त्याचा चेहरा पार उतरला.

"आवाज येते रे," आबाजी त्याला समजावत म्हणाले, "शब्द नाही येत."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात तेच निघालं. रेषा 4000 हर्ट्झच्या आसपास खोल गेली होती. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्यांचा कान बहुधा तिथंच दगावतो. स्वर जाड असतात, ते पोचतात. स, त, क यांसारखी व्यंजनं बारीक, ती वाटेतच हरवतात. त्यांच्यावर कूलरची घरघर बसली की उरतं काय? नुसता गलका. तो कितीही वाढवला तरी गलकाच राहतो. ट्रान्झिस्टर हाताच्या अंतरावर असतो, म्हणून तिथं शब्द शाबूत पोचतात. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. त्यात आजकालच्या सपाट टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून बसलेले.

सात स्पीकरांची यादी फाडली गेली. पहिला खर्च स्पीकरवर झालाच नाही. कूलरचं बुश घासलं होतं ते बदललं, वाकडं पातं सरळ केलं, नव्या ताट्या लावल्या, स्टँड खिडकीच्या गजांपासून सोडवून त्याखाली रबर घातलं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो त्या गावात कूलर बंद ठेवा म्हणून सांगणं ही शिक्षा झाली. त्याचा खडखडाट मात्र नक्की कमी करता येतो. मग नातीनं खोलीच्या मधोमध टाळी वाजवली. नव्या टाइल्स आणि उघड्या भिंती यांच्यात ती टाळी क्षणभर घुमत राहिली. सुनेनं माळ्यावरची जुनी मोठी सतरंजी काढली, खिडक्यांना जाड पडदे शिवून घेतले, पुस्तकांचं कपाट सोफ्यामागच्या भिंतीला आणलं. पुढच्या टाळीचा घुमारा कुठल्या कुठं गेला.

आता स्पीकर. दुकानात या वेळी आबाजी सोबत होते आणि लढाईचं दृश्य नको होतं. मोबाइलमध्ये बातम्या भरून नेल्या होत्या. दुकानदारानंही मनापासून साथ दिली. एकेक जोडी हळू आवाजात लावली, किंमत कुणी सांगितली नाही. आबाजी डोळे मिटून ऐकत आणि ऐकलेलं वाक्य परत म्हणून दाखवत. ज्या जोडीवर त्यांचं वाक्य बिनचूक आलं ती तिथली मधल्या किमतीचीही नव्हती, त्याहून खालची होती. त्याच मालिकेतले तीन घेतले: डावा, उजवा आणि पडद्याखाली मधला, कारण सिनेमातले संवाद बहुतेक मधल्यातूनच येतात. छतातले चार नाहीत, सबवूफर नाही. पुढं कधी मागं दोन स्पीकर लावावेसे वाटले तर म्हणून रिकामा पाइप तेवढा घालून ठेवला.

मिस्त्रीनं विटांना हात लावला नाही. टीव्हीच्या भिंतीला लागून, कूलरचा ओला झोत जिथं पोचत नाही अशा बाजूला, चार इंचांच्या धातूच्या चौकटीवर जिप्समचं पॅनेल उभं केलं, आत काचलोकर भरली, स्पीकरच्या भोकांभोवती बोर्ड दुपदरी केला म्हणजे थरथरणार नाही. आबाजींना सोफ्यावर बसवून जमिनीपासून कानापर्यंतची उंची टेपनं मोजली आणि डाव्या-उजव्या स्पीकरचे ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारे भाग, तिथं आणले. "बंद कराच्या आधी वाजवून पाहा, भाऊ," तो म्हणाला, "मंग फोडाले लावू नोका." रिसीव्हरमध्ये मधल्या स्पीकरचा आवाज बाकीच्यांहून 3 डेसिबल चढा ठेवला. कूलर, पडदे, पॅनेल, रिसीव्हर, सगळं धरून खर्च साठ हजारांच्या आतच राहिला.

त्या रात्री जेवण झाल्यावर आबाजी उठले नाहीत. बातम्यांत संत्र्याच्या भावाबद्दल कुणीतरी काही बोललं. मुलगा म्हणाला, खरं आहे त्यांचं. "काहून खरं?" म्हणून आबाजी जे सुरू झाले, ते काटोलच्या बागांपासून कळमना मार्केटच्या अडतीपर्यंत! बापलेकांचं असं जुंपलं, की शेवटी सुनेनं टीव्ही बंद केला आणि तिसरी बाजू घेऊन तीही त्यात उतरली.