शांती करणारे की गप्प राहणारे?

डोंगरावरील प्रवचनात आपल्या प्रभूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे (मत्तय ५:९). युद्धाला विरोध करणारा मनुष्य शांतीचा माणूस, हे आपण चटकन मान्य करतो. पण जो न्यायासाठी रस्त्यावर बसतो, घोषणा देतो, वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, त्याला आपण भांडखोर ठरवतो. ख्रिस्ती मनुष्याने क्षमा करावी व गप्प राहावे, असे आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा ऐकू येते. हे खरे आहे काय? भोपाळ शहर डोळ्यांपुढे ठेवून आपण याचा विचार करू.

भोपाळात युद्ध झाले नाही. तरी १९८४ सालच्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, आणि वस्त्यांत झोपलेली हजारो माणसे प्राणास मुकली. या रसायनाच्या निर्मितीत जो फॉस्जीन वायू लागे, तोच पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडला गेला होता. १९८५ साली कारखान्यासमोर रूथ वॉटरमन या डच शिल्पकार भगिनीने घडवलेला आईचा पुतळा उभा राहिला. त्यावरील लेखात हिरोशिमा व भोपाळ ही नावे एकत्र कोरलेली आहेत. युद्धात जीव घेण्याचा हेतू असतो, येथे तो नव्हता, हा भेद आम्ही मान्य करतो. परंतु दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाची किंमत कमी धरणे, हे पाप दोन्ही ठिकाणी एकच आहे.

या शहरात शांतीचे काम कोणी केले? बहुतांशी गरीब स्त्रियांनी. रशीदा बी मुसलमान, चंपादेवी शुक्ला हिंदू. दोघीही वायूने पोळलेल्या, दोघींच्याही घरची माणसे गेलेली. कामाच्या जागी त्यांची ओळख झाली व त्यांनी कामगार स्त्रियांची संघटना बांधली. १९८९ साली या स्त्रिया मुलेबाळे घेऊन दिल्लीपर्यंत पायी चालत गेल्या. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेच्या स्त्रिया दर शनिवारी एका बागेत जमत. २०१९ साली जब्बार वारले, तोपर्यंत ते या कामात होते. मध्यंतरी डिसेंबर १९९२ मध्ये भोपाळात दंगल पेटली व शंभराहून अधिक माणसे मारली गेली. शहर धर्माच्या नावाने दुभंगले, पण रशीदा बी व चंपादेवी यांची जोडी फुटली नाही. २००४ साली दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या पैशातून त्यांनी वायुपीडितांच्या घरांतील अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील विधवा आठवा. तिच्यापाशी पैसा नव्हता, वशिला नव्हता. पुन्हा पुन्हा दार ठोठावणे एवढेच तिच्या हाती होते. प्रभूने तिला भांडखोर म्हटले नाही. खचून न जाता प्रार्थना कशी करावी, याचा धडा म्हणून त्याने तिलाच आपल्यापुढे उभे केले.

कोणी म्हणेल, मग क्षमेचे काय? जक्कयाकडे पाहा. प्रभू त्याच्या घरी गेला, तेव्हा अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्यास तो आपण होऊन तयार झाला. भोपाळात काय घडले? १९८९ साली सरकार व कंपनी यांच्यात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पीडितांना कोणी विचारले नाही. कंपनीने दोष घातपातावर ढकलला. तिचे प्रमुख वॉरन अँडरसन खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत व २०१४ साली वारले. २०१० साली सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अधिक भरपाई मागणारी याचिका २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मनातला द्वेष सोडणे ही क्षमा आहे, व ती प्रत्येकाने देवासमोर करावयाची आहे. पण दुसऱ्याचे देणे बुडाले म्हणून समाधान मानणे ही क्षमा नव्हे. जखम वरवर बांधून सर्व ठीक आहे असे सांगणाऱ्यांना यिर्मया संदेष्ट्याने दोष दिला आहे (६:१४).

मात्र न्याय मागणाऱ्याचीही परीक्षा असते. २०२५ च्या जानेवारीत कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला नेण्यात आला व त्याच वर्षी तेथे जाळण्यात आला. पीथमपूरच्या लोकांनी विरोध केला. आपल्या दारातले विष गेले, आता दुसऱ्याचे तो पाहील, असे भोपाळच्या पीडितांना म्हणता आले असते. परंतु त्यांच्या संघटनांनी पीथमपूरला धोका आहे हे उघड सांगितले. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करणे याहून वेगळे काय असते?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, त्या विधवेची गोष्ट सांगताना मुलांना विचारावे : आपल्या गावात असे दार कोण ठोठावत आहे, आणि आपण दाराच्या कोणत्या बाजूला उभे आहोत? मंडळीत आपण जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करतो. ती अवश्य करावी. पण आमेन म्हटल्यावर त्या विधवेबरोबर चार पावले चालण्याची तयारीही देवाजवळ मागावी. शांती करणारे ते हेच.