बरणीला बाहेर नसतं

काचेच्या बरणीत जंगल लावायचा छंद आता पुण्या-मुंबईत बराच रुजला आहे. तळाशी खडे, त्यावर जाळी, कोळशाचा चुरा, मग माती; त्यात नेचे, शेवाळ, एखादी खडबडीत सालीची फांदी आणि वर झाकण. काही आठवडे दृष्ट लागावी असं दिसतं. मग एक पान गळतं, त्यावर पांढरी बुरशी चढते आणि बरणीच्या मालकाला कळतं की या जंगलात सगळं आहे, फक्त मेलेल्याचं काही करणारं कोणी नाही. तेव्हा तो आयसोपॉड मागवतो. कुरिअरने, हवेची भोकं पाडलेल्या डबीत, नगावर पैसे मोजून.

लोणावळ्याच्या आसपासच्या मावळातल्या माणसाने हे जीव फुकट पाहिलेले असतात. ओली कुंडी उचला, गोठ्यामागचं कुजकं लाकूड उलटं करा. उजेड पडताच जी करडी, चपटी, खवल्याखवल्यांची मंडळी सैरावैरा पळते, तीच ही. पायांच्या सात जोड्या. काही जाती बोट लागताच अंगाची गोळी करतात. पैसा नावाचा अनेक पायांचा किडाही अंग आवळतो, पण तो बहुधा वेटोळं घालतो. (सह्याद्रीत गोळी होणारे जाडजूड पैसेही आहेत, तेव्हा नुसत्या गोळीवरून ओळख पटली असं समजू नये.)

आयसोपॉड कुळाने खेकड्या-कोळंबीचे. पहिल्या पावसानंतर रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला खेकडे धरायला जाणारा नाणे मावळातला गडी ज्यावर पाय देऊन पुढे जातो, ते त्याच्या कालवणातल्या खेकड्याचं लांबचं भाऊबंद असतं. यांच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र सोडला, पण पाण्याची सवय काही सुटली नाही. श्वास पोटाखालच्या पानांसारख्या अवयवांनी, आणि ते ओले राहिले तरच. कीटकांसारखा मेणाचा लेप अंगावर नाही, म्हणून उन्हात हे लवकर सुकतात आणि दिवसा दडून बसतात. मादी अंडी जमिनीवर टाकत नाही. पोटाखालच्या ओल्या पिशवीत घेऊन फिरते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी कात टाकल्यावर येते. कातही दोन हप्त्यांत: आधी मागचा अर्धा भाग, काही दिवसांनी पुढचा. मध्येच पाहिलं तर अर्धा प्राणी पांढरा आणि अर्धा करडा. टाकलेली कात पुष्कळदा स्वतःच खाऊन टाकतात, कारण तिच्यातला चुना पुन्हा लागणार असतो.

आता त्यांचं काम. ते सफाई करतात असं विकणारा सांगतो आणि घेणारा मानतो. पान खरं तर जिरवतात बुरशी आणि जिवाणू. आयसोपॉड ते कुरतडतो, पोटातून काढतो आणि बारीक लेंड्यांच्या रूपाने परत देतो. त्यामुळे बुरशीला आणि जिवाणूंना हात घालायला जागा वाढते, हाच त्याचा मुख्य वाटा. ताजं गळलेलं पान त्याला आवडतही नाही. बुरशीने जरा मऊ केलेलं, मुरलेलं लागतं. सोबत स्प्रिंगटेल नावाचे तिळाएवढेही नसलेले पांढरे जीव सोडतात, ते ती बुरशी चरतात. म्हणजे ज्या बुरशीला घाबरून हा सगळा खटाटोप केला, तीच या पंगतीतली मुख्य वाढपी.

खरी गंमत पुढे आहे. आयसोपॉड वाढतात, बरणीतलं मेलेलं संपतं आणि मग काही जाती कोवळ्या कोंबांना तोंड लावतात. तसं होऊ नये म्हणून मालकाला वाळकी पानं आणून घालावी लागतात. पान नको म्हणून जो जीव आणला, त्याच्यासाठी पान शोधत फिरायची वेळ येते! शहरात ते मिळत नाही म्हणून देशी बदामाची वाळलेली पानं पाकिटात भरून विकली जातात आणि लोक ती घेतात. हाच देशी बदाम लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या आवारात मोठमोठी लाल पानं गाळतो, आणि ती रोज सकाळी झाडून, ढीग करून पेटवली जातात. तुंगार्लीकडे थंडीतल्या सकाळी जो निळसर धूर उतारावर रेंगाळतो, त्यात धुकं किती आणि हा पाला किती, सांगणं कठीण.

बरणीतलं जंगल जुनं आहे. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाचं राहिलं बाजूला; मातीतून एक नेचा आणि एक गवत उगवलं. बाटली खिडकीबाहेर जवळजवळ चार वर्षं टिकली, वरून थेंबभर पाणी न घालता. शेवटी झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि झाडं गेली. पुढे त्याच्या काचपेट्यांतून जगभरची झाडं जहाजांवरून इकडची तिकडे झाली. चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आली ती अशाच पेट्यांतून. मला त्या बाटलीत रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. बंद बाटलीला बाहेर नसतं. गळलेलं पान कुठे न्यायचं हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. न्यायला जागा नाही, म्हणून ते तिथल्या तिथे कोणाच्या तरी पोटी जावं लागतं. आपल्या अंगणाला मात्र नेहमी बाहेर असतं. कुंपणापलीकडे, ओढ्यात, घाटाच्या वळणावर. आणि लोणावळ्याचं दुखणं असं की सबंध मुंबई-पुण्याने सुट्टीच्या दिवसासाठी त्यालाच आपलं बाहेर ठरवून टाकलंय. भुशी धरणाच्या पायऱ्यांखाली अडकलेल्या चिक्कीच्या आणि वेफर्सच्या पाकिटांपुढे कुठलाही आयसोपॉड हात टेकेल. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. ते उचलायलाच हवं.

पाला जाळण्याबद्दल मात्र सरसकट बोलू नये. मावळात भाताचा राब भाजतात. रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, ऐनाचे टहाळे, पालापाचोळा, गवत यांचे थर लावायचे, वर बारीक माती पसरायची आणि पावसाच्या आधी वाऱ्याचा अंदाज घेऊन आग लावायची. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते आणि तरवा, म्हणजे लावणीची रोपं, जोमाने येतो. ऐन आणि देशी बदाम एकाच वंशातले, हा योगायोग. इंग्रज सरकारच्या वनखात्याने टहाळ तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाबा भागात एवढी ओरड झाली, की १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाला राबाचा प्रश्न अंगावर घ्यावा लागला. ज्याचं वर्षाचं पोट त्या दोन गुंठ्यांतल्या तरव्यावर उभं आहे, त्याला बंगलेवाल्याने धुरावरून शिकवणी घ्यायला जाऊ नये. पुढे डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीने वेगळी वाट दाखवली: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळा, चिखलणीला गिरिपुष्पाचा पाला गाडा. तूस भाताचं, ते भातालाच परत. ही वाट धरायची की नाही हे शेतकऱ्याने ठरवावं. कष्ट त्याचे, हिशेब त्याचा.

बंगल्याच्या पाल्याला असा काही हिशेबच नाही. तो फक्त दिसतो म्हणून जळतो.

न जाळणारी जागाही मावळात आहे आणि ती फार जुनी आहे. देवराई. पवन मावळातली आजिवलीची देवराई तिथल्या भेरली माडांसाठी ओळखली जाते. देवराईचा मूळ नियम कडक: फांदी तोडायची नाही, आणि पुष्कळ ठिकाणी पडलेलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं; गावाचं तर कधी हटलंच नव्हतं. अशा राईत पाऊल टाकलं की पाय जमिनीला नीट टेकतच नाही, पाचोळ्यात रुततो. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढं पाणी उघड्या उतारावर पडलं तर माती घेऊन खाली जातं. पाचोळ्याच्या गादीवर ते आधी मुरतं. ती गादी अंथरणारं कोण, हे खाली वाकल्याशिवाय दिसत नाही.

छंदी मंडळींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. राजमाची नाहीतर ड्यूक्स नोजच्या वाटेवरून शेवाळ खरवडून बरणीसाठी आणू नये. ते तिथल्या खडकावर धरायला कैक पावसाळे लागलेले असतात. आणि बाजारातले रंगीबेरंगी परदेशी आयसोपॉड कंटाळा आला म्हणून सहलीला जाताना रानात सोडू नयेत. सोडणाऱ्याला ते पुण्याचं काम वाटतं. पण इथल्या पाचोळ्यात इथली पंगत आधीच बसलेली आहे, आणि नवा पाहुणा कोणाच्या पानावर बसेल याचा भरवसा कोणी द्यावा? बरणीत काय हवं ते करा, झाकण मात्र लावून.

बंगलेवाल्याला आणखी सोपं आहे. माघ-फाल्गुनात गळलेला पाला झाडांच्या बुंध्यांभोवती वीतभर राहू द्यायचा, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी शिंपडायचं. जून-जुलैत त्यातले करडे पाहुणे आपोआप दिसू लागतात, मागवावे लागत नाहीत. यावर माळीकाकांचा एकच प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे: "साहेब, पाल्यात साप बसला म्हंजी?" बसू शकतो. मण्यार आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत. तेव्हा घराभोवतीची दहा-पंधरा फुटांची पट्टी, पायवाट आणि नळाची जागा स्वच्छ झाडलेलीच ठेवावी, पलीकडच्या पाल्यात हात घालायच्या आधी काठीने चाळवावं, आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी.