पहाटे तीनची पाळी आणि कायद्याचा प्रश्न

१९५७ साली बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी डेपोतलं काम संपवून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. ती बस रस्त्यात उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि त्यात तो गेला. गणवेशातल्या चालकाला बसने फुकट जाता येत असे. पाळी तर संपलेली. मग तो कामावर होता का? भरपाई आयुक्त म्हणाले, नव्हता. उच्च न्यायालय म्हणालं, होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने उच्च न्यायालयाचीच री ओढली: चालकांची ने-आण नीट होणं हा बससेवेच्या कार्यक्षमतेचाच भाग.

खरं तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा हेतू माणसाला कोर्टाच्या पायऱ्यांपासून वाचवण्याचा होता. म्हणून आयुक्त वेगळा, भरपाईचा हिशोब ठरलेला आणि अपिलाला अट: कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. पुढे मालकावर आणखी एक बंधन आलं. अपील करायचं तर आधी रक्कम आयुक्तांकडे भरा. (मला ही कायद्यातली सर्वांत शहाणी तरतूद वाटते, केवळ वेळ काढण्यासाठी अपील करण्यात मग फारसा अर्थ उरत नाही.)

पण तथ्य कुठे संपतं आणि कायदा कुठे सुरू होतो? १९६१ मध्ये एक खलाशी चालत्या जहाजावरून नाहीसा झाला. मुंबईच्या आयुक्तांनी दावा फेटाळला, उच्च न्यायालयाने भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती काढून घेतली. बेस्टच्या खटल्यात काय घडलं यावर वाद नव्हता, त्याला कायद्यात काय म्हणायचं एवढाच होता. जहाजावर काय घडलं हेच कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते ठरवणं आयुक्तांचं काम. निकाल बोचतो, तरी तो मला चूक म्हणता येत नाही. आज खलाशाच्या कुटुंबासाठी ओलांडलेली रेघ उद्या विमा कंपनीही ओलांडणार.

पाळीच्या वेळेबाहेरचा माणूस कामावर होता का, हा बेस्टच्या खटल्यातला कायद्याचा प्रश्न मात्र पुन्हा आला. उस्मानाबादकडच्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कामावर जाणं म्हणजे काम नव्हे, हा तिथला तर्क. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा उभा केला. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये ये-जा करतानाच्या अपघातांबद्दल आलेलं कलम त्याने १९२३ च्या कायद्याच्या अर्थासाठीही हाताशी घेतलं.

मात्र अट आहेच. अपघाताची वेळ, जागा, परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. मधेच कोणी भाच्याच्या लग्नाला वळला असेल तर? ते पुन्हा पुराव्यावरच ठरणार, आणि १९२३ च्या कायद्याखाली पुरावा तपासायला बसायचा तो आयुक्तच.